न लिहिलेला नियम

चाहता : १५ एप्रिल १९४७ हा दिवस मी अमेरिकेच्या इतिहासातल्या मोजक्या मोठ्या दिवसांत धरतो. त्या दुपारी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन डॉजर्सच्या गणवेशात पहिल्या बेसवर उभा राहिला, आणि गोऱ्यांनी साठ वर्षं आपल्यापुरता राखून ठेवलेला मेजर लीग बेसबॉल पुन्हा तसा राहिला नाही. तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. सैन्यातला वर्णभेद संपवणारा ट्रूमन यांचा आदेश निघाला जुलै १९४८ मध्ये. शाळांतली गोऱ्या-काळ्यांची वाटणी घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल १९५४ चा. माँटगोमेरीच्या बसमध्ये रोझा पार्क्स यांनी जागा सोडायला नकार दिला तो १९५५ च्या डिसेंबरात. सरकार, न्यायालय, रस्त्यावरचं आंदोलन, या सगळ्यांच्या आधी एक खेळ तिथे पोचला होता. शिवाय जो पोचला तो काही योगायोगाने हाती लागलेला खेळाडू नव्हता. १९४४ मध्ये, टेक्सासच्या कॅम्प हूडमध्ये लेफ्टनंट असताना, बसच्या मागच्या बाजूला जाऊन बसायला त्याने नकार दिला होता. कोर्ट मार्शल झालं, त्यातून तो निर्दोष सुटला. अशा माणसाला डॉजर्सचे अध्यक्ष ब्रँच रिकी यांनी २८ ऑगस्ट १९४५ रोजी बोलावून घेतलं आणि सांगितलं की शिव्या पडतील, अंगावर चेंडू येतील, आणि तुला उलट हात उचलता येणार नाही. त्याने ते मान्य केलं. १९४६ मध्ये मायनर लीगच्या माँट्रियल संघाकडून ०.३४९ ची सरासरी राखून तो त्या लीगच्या फलंदाजीत पहिला आला. १९४७ मध्ये सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार पहिल्यांदाच द्यायला सुरुवात झाली, तो त्यालाच मिळाला. १९४९ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. काळे खेळाडू या दर्जाला पुरे पडत नाहीत, ही सबब चार मोसमांत निकालात निघाली. एका माणसाने एवढं केलं असताना त्याकडे संशयाने पाहावं असं त्यात काय आहे, ते मला समजून घ्यायचं आहे.

साशंक : रॉबिन्सनबद्दल मला काडीचा संशय नाही. संशय आहे तो या दिवसाबद्दल नेहमी म्हटल्या जाणाऱ्या 'भिंत पडली' या वाक्याबद्दल. भिंत पडली म्हणायचं तर ती कशाची होती ते आधी पाहावं लागतं. मेजर लीगच्या नियमपुस्तकात काळ्यांना मनाई करणारं कलम कधीच नव्हतं. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा काळा कॅचर १८८४ मध्ये टोलिडोकडून मेजर लीगमध्ये खेळला होता. मग १४ जुलै १८८७ रोजी दोन गोष्टी घडल्या. कॅप अॅन्सनच्या शिकागो संघाने न्यूअर्कच्या जॉर्ज स्टोव्ही या काळ्या पिचरविरुद्ध खेळायला हरकत घेतली, आणि त्याच दिवशी इंटरनॅशनल लीग या मायनर लीगच्या संचालकांनी काळ्या खेळाडूंशी यापुढे नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. मेजर लीगने तर तेवढाही ठराव केला नाही. मालकांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तेवढं पुरलं. १९४२ मध्ये बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांनी जाहीरपणे सांगितलं की काळ्या खेळाडूंना घ्यायला लेखी वा तोंडी असा कोणताही मज्जाव नाही. कागदापुरतं ते खरं होतं, आणि मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. लिहिलेला कायदा कोणाला तरी करावा लागतो, त्याखाली कोणाची तरी सही असते, त्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं, तो रद्द करायचा तर रद्द करणाऱ्याला कारणं द्यावी लागतात. न लिहिलेल्या नियमाला यातलं काहीच नसतं. म्हणून १९४७ मध्ये काहीही रद्द झालं नाही. कोणत्याही लीगने ठराव केला नाही, कोणी चूक कबूल केली नाही, उद्यापासून सर्व संघांनी असं वागायचं आहे असं कोणी सांगितलं नाही. एका मालकाने आपल्या मर्जीने एक दार किलकिलं केलं. बाकीच्या पंधरा मालकांची मर्जी त्यांच्यापाशीच राहिली. म्हणून रॉबिन्सन १९५६ चा मोसम खेळून निवृत्त झाला तेव्हाही फिलाडेल्फिया फिलीज, डेट्रॉइट टायगर्स आणि बोस्टन रेड सॉक्स या तीन संघांत एकही काळा खेळाडू उतरलेला नव्हता. बोस्टनने पम्प्सी ग्रीनला मैदानात उतरवलं २१ जुलै १९५९ रोजी. ज्या दिवसाला भिंत पडल्याचा दिवस म्हणतात, त्यानंतर बारा वर्षांनी.

चाहता : मर्जी हा शब्द मला मान्य नाही. तुम्ही गोष्ट मालकाच्या खोलीतून सांगता, म्हणून ती मर्जीची दिसते. खोलीबाहेर काय चाललं होतं ते पाहा. सॅम लेसी आणि पिट्सबर्ग कुरियरचे वेंडेल स्मिथ हे काळे पत्रकार, डेली वर्करचा लेस्टर रॉडनी हा गोरा कम्युनिस्ट पत्रकार, यांनी तीसच्या दशकापासून हा प्रश्न वर्तमानपत्रांत धगधगता ठेवला होता. १९४१ मध्ये फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची धमकी दिली तेव्हा युद्धसामग्रीच्या कारखान्यांत भेदभावाला मनाई करणारा आदेश रूझवेल्ट यांना काढावा लागला. १९४५ मध्ये न्यू यॉर्क राज्याने नोकरीत वंशभेद करण्याविरुद्ध आयव्ह्ज-क्विन कायदा केला, असा कायदा करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. मेजर लीगचे तीन संघ त्याच राज्यात होते, आणि डॉजर्स त्यांतला एक. हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढून परतलेल्या काळ्या सैनिकांना कोणत्या तोंडाने काय सांगणार, हा प्रश्न तर सगळ्या देशापुढे होता. बोस्टनचंच उदाहरण घ्या, तुम्हीच काढलंत म्हणून. १६ एप्रिल १९४५ रोजी रेड सॉक्सने फेनवे पार्कवर रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स यांची चाचणी घेतली. ती कशी घेतली गेली? इझॅडोर मचनिक या नगरसेवकाने रविवारच्या सामन्यांच्या परवानगीला विरोध करण्याची धमकी दिली म्हणून, आणि वेंडेल स्मिथ यांनी त्या तिघांना तिथवर आणलं म्हणून. चाचणी झाली, पुढे कोणाकडून निरोप आला नाही, हे खरं. पण धक्के चारी बाजूंनी बसत होते. रिकी यांना श्रेय द्यायचं ते एवढ्यासाठी, की कोणता दगड आधी निसटणार हे त्यांनी ओळखलं आणि त्या जागी पक्का माणूस उभा केला. हे दान म्हणून पदरात पडलेलं नाही, झगडून मिळालेलं आहे. झगडून मिळवलेल्या गोष्टीला तुम्ही मालकाची मर्जी म्हटलंत की वेंडेल स्मिथसारखी माणसं इतिहासातून पुसली जातात.

साशंक : ती दुरुस्ती मी घेतो. दार बाहेरच्या धक्क्याने उघडलं. पण उघडताना अटी कोणी ठरवल्या, हा प्रश्न त्याने सुटत नाही, उलट जास्त टोचतो. दुसऱ्या बाजूला कोण होतं ते पाहू. रूब फॉस्टर यांनी फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटीला नीग्रो नॅशनल लीग उभी केली. पुढच्या पाव शतकात अशा काळ्यांच्या लीग मोडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, आणि शिकागोच्या कोमिस्की पार्कवर १९३३ पासून दरवर्षी होणाऱ्या पूर्व-पश्चिम सामन्याला चाळीसच्या दशकात पन्नास हजारांच्या घरात माणूस लोटू लागला. या व्यवसायातून गोऱ्या क्लबांनाही उत्पन्न होतं. १९४६ च्या ऑगस्टमध्ये मेजर लीगच्या मालकांसाठी एक गोपनीय अहवाल तयार झाला, यँकीजचे लॅरी मॅकफेल त्यामागे होते. त्यात हिशेब मांडलेला आहे की काळ्या संघांना मैदानं भाड्याने देऊन यँकीज संस्थेला वर्षाला सुमारे एक लाख डॉलर मिळतात. काळे प्रेक्षक मोठ्या संख्येने आले तर क्लबांची किंमत घसरेल, अशी भीतीही त्यात आहे. साठ वर्षांत भिंतीचं कारण स्वच्छ शब्दांत कागदावर उतरलं ते असं, आणि तो कागद लपवून ठेवला गेला. आता रिकी यांच्याकडे या. रॉबिन्सन १९४५ मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळत होता. रिकी यांनी त्याला घेतलं आणि मोनार्क्सला एक डॉलरही दिला नाही. पक्का लेखी करार कुठे आहे, हा त्यांचा युक्तिवाद. आणि या लीग म्हणजे खऱ्या लीगच नव्हेत, असंही त्यांचं म्हणणं. मोनार्क्सच्या मालकांनी आधी तक्रारीची भाषा केली, मग गप्प बसले, कारण रॉबिन्सनच्या वाटेत आडवे येणारे म्हणून आपल्याच प्रेक्षकांसमोर उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं. न्यूअर्क ईगल्सचा डॉन न्यूकम रिकी यांनी असाच फुकट नेला. बघा ना, न लिहिलेली मनाई साठ वर्षं सर्वांनी काटेकोर पाळली, आणि न लिहिलेला करार मात्र एका फटक्यात कवडीमोल ठरला. कागद नाही ही गोष्ट दोन्ही वेळा एकाच बाजूच्या कामी आली.

चाहता : सर्वांनी तसं केलं नाही. क्लीव्हलँडच्या बिल व्हीक यांनी जुलै १९४७ मध्ये लॅरी डोबीला घेतलं, अमेरिकन लीगमधला पहिला काळा खेळाडू, आणि ईगल्सला त्याचे पैसे मोजले.

साशंक : मोजले. पंधरा हजार डॉलर, तेही डोबी संघात टिकला तर पूर्ण. ईगल्सच्या एफा मॅनली यांनी व्हीक यांना तेव्हाच ऐकवलं होतं की याच दर्जाचा गोरा खेळाडू असता तर आकडा कितीतरी मोठा असता. मॅनली यांचं पुढे काय झालं ते पाहा, कारण माझा सगळा मुद्दा त्या एका क्लबात सापडतो. १९४६ मध्ये ईगल्स नीग्रो वर्ल्ड सिरीज जिंकले. त्या वर्षी त्यांच्या सामन्यांना सुमारे एक लाख वीस हजार प्रेक्षक आले. पुढच्या वर्षी नदीपलीकडे ब्रुकलिनमध्ये रॉबिन्सन खेळू लागला आणि ईगल्सचा आकडा निम्म्याहून खाली घसरला. १९४८ मध्ये आणखी घसरला. तो मोसम संपताच मॅनली दांपत्याने क्लब विकला, तो न्यूअर्क सोडून गेला, आणि नीग्रो नॅशनल लीगही त्याच वर्षी बंद पडली. विजेतेपदापासून विक्रीपर्यंत दोन वर्षं. एफा मॅनली लिंचिंगविरोधी मोहिमेसाठी मैदानावर निधी जमवत. असा क्लब जाताना त्याच्याबरोबर मॅनेजर, प्रशिक्षक, हिशेबनीस, प्रवासाची व्यवस्था पाहणारे, सामन्याच्या दिवसावर चूल पेटणारे, सगळे गेले. मेजर लीगने त्यांतला खेळाडू तेवढा उचलला. मॅनेजर उचलला नाही, संचालक उचलला नाही, मालकाला तर विचारलंही नाही.

चाहता : थांबा. तुम्ही त्या लीगचं चित्र असं रंगवता की जणू तिथे सगळं आबाद होतं. ज्यांनी ते आयुष्य काढलं त्यांना विचारा. शेकडो मैल बसने प्रवास, रात्र बसमध्येच, वाटेतल्या हॉटेलात जेवण नाही, पेट्रोल पंपावर संडास वापरू देत नाहीत, एका दिवसात दोन-तीन सामने. वेळापत्रक कधी बदलेल याचा भरवसा नाही, करार कच्चे. हे मी म्हणत नाही, स्वतः रॉबिन्सन म्हणाला. १९४८ मध्ये त्याने 'एबनी' मासिकात नीग्रो बेसबॉलमध्ये काय चुकतं यावर लेख लिहिला. मॅनली यांना तो फार लागला आणि त्यांनी जाहीर उत्तरही दिलं, पण लिहिणारा आतून आलेला माणूस होता. दुसरं, तो प्रेक्षक कोणी हिसकावून नेला नाही. तो आपल्या पायांनी गेला. पहिल्या दिवशी एबेट्स फील्डवर पंचवीस हजारांवर लोक होते, त्यांत निम्म्याहून अधिक काळे होते असा अंदाज आहे. डॉजर्स दौऱ्यावर निघाले की लांबलांबच्या गावांतून माणसं आगगाडीने सामन्याला येत. त्या मोसमात डॉजर्सच्या घरच्या मैदानावर अठरा लाखांवर प्रेक्षक आले, नॅशनल लीगचा तेव्हाचा उच्चांक. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दाराशी अडवलं त्या लोकांनी दार उघडताच आत जायचं ठरवलं, तर त्यांना 'तुमच्या जाण्याने तुमची संस्था मोडेल' असं कोणी सांगायचं? आणि ती संस्था मुळात उभी का राहिली? भिंत होती म्हणून. भिंतीच्या सावलीत उगवलेलं झाड जपायचं म्हणून भिंत ठेवा, असं तर तुम्ही म्हणत नाही ना?

साशंक : नाही. तसं म्हणणारा माणूस भिंतीच्याच बाजूचा. खेळाडू गेले ते बरोबर केलं, प्रेक्षक गेले तेही बरोबर. पण तुम्ही दोनच वाटा दाखवता : एक तर भिंत, नाही तर एकेक खेळाडू उचलून नेणं. तिसरी वाट अमेरिकेतल्या खेळांच्या धंद्याला चांगली माहीत होती. १९०१ मध्ये अमेरिकन लीगने आपण मेजर लीग असल्याचं जाहीर केलं तेव्हा नॅशनल लीगच्या दृष्टीने तेही उपटसुंभ होते. दोन वर्षं एकमेकांचे खेळाडू पळवण्याची लढाई झाली आणि १९०३ मध्ये समझोता झाला : एकमेकांचे करार पाळायचे, दोन्ही लीग बरोबरीच्या. मायनर लीगचा खेळाडू वर नेताना त्या क्लबाला मोबदला देण्याची रीतही ठरलेली होती. पुढे फुटबॉलमध्ये १९६६ साली जुन्या आणि नव्या लीगचा समझोता झाला आणि १९७० पर्यंत नव्या लीगचे सगळेच्या सगळे संघ, मालकांसकट, मोठ्या लीगमध्ये आले. बास्केटबॉलमध्ये १९७६ साली प्रतिस्पर्धी लीगचे चार संघ सामावून घेतले गेले. म्हणजे एका लीगने दुसरीला तिच्या मालकांसह, करारांसह, जमाखर्चासह आत घेणं ही कल्पना १९४६ च्या मालकांना अपरिचित नव्हती. मोनार्क्स आणि ईगल्स यांच्याशी तसं बोलावं असं मात्र कोणाच्या मनातही आलं नाही. काळा माणूस चेंडू मारू शकतो हे १९४७ मध्ये मान्य झालं. काळा माणूस क्लब चालवू शकतो हे तेव्हा मान्य झालं नाही, आणि जे चालवत होते त्यांची दुकानं त्याच सुमारास बंद पडली. या दोन गोष्टी एकाच घटनेच्या आहेत, आणि आपण एकीचाच वाढदिवस साजरा करतो.

चाहता : १९०३ चं उदाहरण मला विचारात पाडतं, हे कबूल करतो. तरी त्यातला एक भाग तुम्ही सोडलात. अमेरिकन लीग लढू शकली कारण तिच्याकडे पैसा होता, तिने नॅशनल लीगचे खेळाडू पळवून दाखवले होते. फुटबॉलच्या नव्या लीगकडे टेलिव्हिजनचे करार होते. समझोता होतो तो समोरच्याला दुखवण्याची ताकद असेल तर. नीग्रो लीगमधले बहुतेक क्लब दुसऱ्यांच्या मैदानावर भाड्याने खेळत होते. ईगल्स ज्या रुपर्ट स्टेडियममध्ये खेळत ते यँकीजचं होतं. ते कोणाला काय दुखवणार होते? तेव्हा तिसरी वाट न्याय्य होती, पण तिच्यावरून जायला कोणाकडे गाडी नव्हती. वाट पाहायची, तर ती कोणाच्या जिवावर? इथे मला खेळाडूच्या बाजूने बोलायचं आहे. वकिलाचा हक्क दहा वर्षं लांबला तरी तो दहा वर्षांनी वकिली करू शकतो. खेळाडूचा हक्क त्याच्या गुडघ्यांत आणि खांद्यांत असतो, आणि तो दरवर्षी झिजतो. रॉबिन्सन मेजर लीगमध्ये आला तेव्हाच अठ्ठावीस वर्षांचा होता, या खेळातली उमेदीची अर्धी वर्षं मागे पडलेली. सॅचेल पेज, ज्याच्या चेंडूफेकीची दंतकथा झाली होती, तो १९४८ मध्ये क्लीव्हलँडकडून पहिल्यांदा उतरला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. आणि जॉश गिब्सन. त्याच्या काळातला सर्वांत जबरदस्त फटकेबाज कोण, यावर गोऱ्या खेळाडूंतही फारसा वाद नव्हता. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला. एबेट्स फील्डच्या त्या दुपारला तेव्हा पंच्याऐंशी दिवस उरले होते. मालक लोकांचा समझोता होईपर्यंत थांबायचं ठरलं असतं तर विली मेज आणि हँक अॅरन यांचंही गिब्सन झालं असतं. दोघेही नीग्रो लीगमधूनच आले, एक बर्मिंगहॅमच्या संघातून, दुसरा इंडियानापोलिसच्या. क्लब मोडला याचं दुःख मला आहे. पण क्लब वाचवायला एका माणसाचं शरीर खर्ची घालण्याचा अधिकार मी कोणालाच देणार नाही.

साशंक : याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असल्याचा आवही मी आणणार नाही. एवढंच म्हणतो, की घाई खेळाडूला होती तशी मालकांना नव्हती. मोनार्क्सला पैसे द्यायला रिकी यांना एक दिवस जास्त लागला नसता. न्याय आणि वेग यांच्यात निवड करावी लागली असं म्हणताना ही गोष्ट विसरू नये. अन्यायाचा मोठा भाग घाईतून आलेला नाही, सवयीतून आलेला आहे. आणि ती सवय आठवणींतही शिरली. १९४७ ची गोष्ट आज कशी सांगितली जाते ते पाहा. तिच्यात एक दुष्ट आहे, फिलीजचा मॅनेजर बेन चॅपमन, ज्याने एप्रिलमध्ये रॉबिन्सनवर घाणेरड्या शिव्यांचा भडिमार केला. एक सज्जन आहे, केंटकीचा पी वी रीझ, ज्याने सिनसिनाटीच्या मैदानावर सगळ्यांदेखत रॉबिन्सनच्या खांद्यावर हात टाकला. चॅपमनच्या शिव्यांचे पुरावे भरपूर आहेत. रीझच्या त्या हाताचं १९४७ च्या वर्तमानपत्रांत वर्णन सापडत नाही, तो प्रसंग त्या वर्षी घडला का यावर इतिहासकारांत वाद आहे. ब्रुकलिनमध्ये २००५ साली पुतळा मात्र उभा राहिला तो त्याच क्षणाचा. रीझ चांगला सहकारी होता, रॉबिन्सननेच तसं सांगितलं आहे, तेव्हा मी त्याला कमी लेखत नाही. पण गोष्टीला तो हात का हवासा वाटतो? कारण त्याने सगळा प्रश्न मनांचा होतो. वाईट मनं होती, चांगल्या मनांनी जिंकलं. मग भाड्याचा हिशेब, लपवलेला अहवाल, न मोजलेले पैसे, बारा वर्षं बंद राहिलेलं बोस्टनचं दार, यांतलं काहीच सांगावं लागत नाही. न लिहिलेल्या नियमाला आरोपी नव्हते, आणि या गोष्टीतही ते नाहीत.

चाहता : पण रॉबिन्सन स्वतः त्या गोष्टीत मावत नाही, म्हणून मी त्याला धरून आहे. गप्प राहण्याची मुदत संपल्यावर तो बोलू लागला आणि मरेपर्यंत थांबला नाही. १९४९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे काळा गायक पॉल रोबसन याच्याविरुद्ध साक्ष द्यायला त्याला उभं केलं गेलं. तिथेही त्याने अमेरिकेतल्या वर्णभेदावर बोट ठेवलं, आणि पुढे तसं बोलावणं आता आलं तर आपण ते नाकारू, रोबसनबद्दलचा आपला आदर वाढला आहे, असं लिहायचं धैर्य दाखवलं. खेळाडू हा क्लबाची मालमत्ता आहे असं मानणाऱ्या कलमाविरुद्ध कर्ट फ्लडने दावा लावला, तेव्हा १९७० मध्ये रॉबिन्सन त्याच्या बाजूने साक्षीला गेला. १९५६ च्या अखेरीला डॉजर्सने त्यालाही न विचारता कट्टर प्रतिस्पर्धी जायंट्सना देऊन टाकलं होतं, आणि तो तिकडे गेला नाही, निवृत्त झाला. तुम्ही मालकीबद्दल जे बोलता ते त्याने अंगावर घेतलं होतं. १९७२ च्या आत्मचरित्रात त्याने लिहिलं की अजूनही आपण राष्ट्रगीताला उभं राहून ते गाऊ शकत नाही. ज्याच्या नावाने देश स्वतःची पाठ थोपटतो, त्या माणसाचं हे म्हणणं आहे. म्हणून मला वाटतं, १५ एप्रिलचा उत्सव बंद करण्यात अर्थ नाही, तो त्याच्या पूर्ण आयुष्यासकट व्हायला हवा.

साशंक : उत्सव तर होतोच. १९९७ मध्ये त्याचा ४२ हा क्रमांक सगळ्या संघांनी मिळून निवृत्त केला, आता दर १५ एप्रिलला प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर तो असतो. डिसेंबर २०२० मध्ये नीग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला, मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत विक्रमांत मिसळले गेले, आणि टाय कॉबला मागे टाकून जॉश गिब्सन ०.३७२ सह कारकिर्दीच्या सरासरीत पहिला आला. रिकी ज्यांना खऱ्या लीग मानायला तयार नव्हते त्या खऱ्या होत्या, हे शेवटी लिहून दिलं गेलं. मला त्याचं मोल आहे. पण विक्रमाच्या वहीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. मैदानात काय आहे? अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या खेळाडूंचं प्रमाण १९८१ मध्ये १८ टक्क्यांच्या पुढे होतं, आता ते ६ टक्क्यांच्या आसपास आहे. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही संघांत मिळून त्यांतला एकही नव्हता, १९५० नंतर पहिल्यांदा.

चाहता : त्या आकड्यावरून १९४७ फसलं असं मात्र म्हणू नका. त्या दारातून फक्त अमेरिकन काळे आले नाहीत. १९४९ मध्ये क्युबाचा मिनी मिन्योसो आला, १९५५ मध्ये पोर्तो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटे आला, आणि आज डॉमिनिकन रिपब्लिकच्या खेळाडूंशिवाय हा खेळ उभा राहू शकत नाही. सावळ्या कातडीच्या या सगळ्यांनाही तीच भिंत आडवी होती. मुलं बास्केटबॉल आणि फुटबॉलकडे वळली, लहान वयातलं बेसबॉल प्रशिक्षण महाग झालं, ही कारणंही आहेतच. पण मुलाने या खेळाकडे वळावं असं वाटायला त्याच्या गावात त्याच्या माणसांचा क्लब असावा लागतो, आणि न्यूअर्कमध्ये तो १९४८ पर्यंत होता. हे तुमच्याशी बोलण्याआधी मी या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. तरीही रॉबिन्सनने थांबायला हवं होतं असं मी म्हणू शकत नाही, आणि तुम्हीही म्हणत नाही. मग राहतो तो हिशेब, आणि तो रॉबिन्सननेच पुढे ठेवला होता. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी, वर्ल्ड सिरीजच्या सामन्याआधी त्याचा सत्कार झाला. मधुमेहाने तो खचला होता, दृष्टी जवळजवळ गेली होती. त्याने आभार मानले आणि म्हटलं की मॅनेजरच्या जागी काळा चेहरा दिसेल त्या दिवशी मला याहून जास्त आनंद होईल. नऊ दिवसांनी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तो वारला. फ्रँक रॉबिन्सन क्लीव्हलँडचा मॅनेजर म्हणून मैदानात उतरला तो ८ एप्रिल १९७५ रोजी. क्लबाच्या मालकीबद्दल जॅकी रॉबिन्सन त्या सत्काराच्या दिवशी बोलला नाही. एफा मॅनली यांचं नाव २००६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं, तिथे गेलेल्या त्या पहिल्या आणि एकमेव स्त्री. मेजर लीगचे आज तीस संघ आहेत. त्यांतल्या एकाही संघाचा मुख्य मालक आजवर कधी काळा माणूस झालेला नाही.